चेहरा येणार नाही

यंदा विधी महाविद्यालयाने मला व्यावसायिक नीतिमत्तेचा पेपर शिकवायला बोलावलं. पहिल्याच तासाला ऑफिसातले शिपाई मोबाईल घेऊन दारात उभे राहिले. म्हणाले, “मॅडम, जरा फळ्याकडे बोट दाखवा. जिओटॅगवाला फोटो हवाय.” हल्ली कॉलेजात पान हललं तरी त्याचा फोटो लागतो, आणि फोटोच्या कोपऱ्यात गावाचं नाव, नकाशा, तारीख असं सगळं छापलेलं लागतं. नाहीतर मूल्यांकनाला येणारी समिती म्हणते, कार्यक्रम झालाच नाही. मी म्हटलं, “माझ्या तासाला फोटो नाही.” मागच्या बाकावर कोणीतरी फिस्सकन हसलं. बाई कॅमेऱ्याला लाजत असाव्यात, असं वाटलं असणार. वाटू दे. त्या मुलांना दळी सर माहीत नाहीत.

दळी सर आम्हाला हाच पेपर शिकवत. उंची बेताची, अंगाने काटकुळे, आणि आवाज इतका खालचा की न्यायाधीश पुढे वाकून ऐकत. सकाळी कॉलेजात तास घ्यायचा आणि तिथून पायी कोर्टात जायचं, हा त्यांचा क्रम. नीतिमत्तेचा पेपर शिकवायला कोणी तयार नसतं म्हणून तो दळींच्या गळ्यात मारलाय, असं स्टाफरूममध्ये म्हणत. मुलांच्या लेखी तो पेपर म्हणजे न वाचता सुटणारा. खोटं बोलू नये, अशिलाला फसवू नये, यात वाचायचं काय? सर ते ऐकून घेत आणि खिशातून अडकित्ता काढून सुपारी कातरायला लागत.

ती सुपारी हे सरांचं कुलूप होतं. नाक्यावर, लग्नात, मच्छीमार्केटात कोणीही विचारलं, “काय वकीलसाहेब, त्या अमक्याच्या दाव्याचं काय झालं?” की सर एक खांड तोंडात टाकत आणि चघळत राहत. विचारणारा कंटाळून निघून जाई. “वकिलाचं तोंड न्यायाधीशासमोर उघडावं,” ते म्हणायचे, “बाकीच्या वेळी ते सुपारीसाठी दिलेलं आहे.” काकू, म्हणजे त्यांची बायको, वैतागून सांगायच्या की आमच्या घरात कोणाच्या घटस्फोटाचं काम आलंय हे मला शेजारीण सांगते.

कोर्टाच्या फाटकाशी आले की ते गळ्यातला पांढरा बँड सोडून खिशात घालत. समोरच्या टपरीवर चहाला जायचं असलं तरी. वकिलाचा वेष कोर्टापुरता, बाजारात मिरवायला नाही, असा नियमच आहे. पण तो रत्नागिरीत पाळणारे बहुधा ते एकटेच. घरावरची पाटी तर इतकी लहान की अशील शेजारच्या घरात शिरायचे. आमच्या वर्गातल्या एकाने वकिलीची सनद मिळायच्या आधीच काळा कोट शिवून त्यात काढलेला स्वतःचा फोटो स्टेटसला लावला होता. सरांच्या कानावर ते गेलं. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “अरे, नवरदेवाचा पोशाख घालून मुलगी बघायला गेलास होय?”

पहिल्या तासाला त्यांनी आम्हाला एक साधा प्रश्न विचारला. सुट्टीत कोण कोण कोणत्या वकिलाकडे बसलं, काय शिकलं? एक मुलगा उत्साहाने उठला. त्याच्या मामाकडे एक बागायतदार आला होता, त्याने भावाला फसवून कलमांची बाग आपल्या नावावर कशी केली, हे त्याने रंगवून सांगितलं. नावागावासकट. वर्ग खदखदून हसला. सरही शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग म्हणाले, “त्या बागायतदाराने हे कोणाला सांगितलं होतं?”

“मामाला.”

“आणि आता किती जणांना ठाऊक झालं?”

मुलाने वर्गाकडे पाहिलं. सर म्हणाले, “तो माणूस लबाड असेल. लबाडालाही एक जागा लागते खरं बोलायला. ती जागा म्हणजे तुझ्या मामाची खोली. तिचं दार तू आज उघडं टाकलंस. बस खाली.” मग त्यांनी आम्हाला लिहून घ्यायला लावलं नाही, की नियम क्रमांक सांगितला नाही. त्या वर्षी सबंध वर्गात एकानेही परत कोणाच्या अशिलाची गोष्ट सांगितली नाही.

त्यांच्या या सोवळेपणाचा लोकांना जाच होई. त्यांच्या सख्ख्या चुलतभावाचं वाटपाचं भांडण होतं. तो हक्काने सरांकडे आला. सरांनी काम घेतलं नाही, कारण समोरच्या पार्टीने कधीकाळी एका मुंजीच्या पंगतीत त्यांना सहज सल्ला विचारला होता आणि यांनी तो ऐकला होता. चुलतभाऊ म्हणाला, “अहो, पंगतीतलं बोलणं ते! मठ्ठा वाढत होते तेव्हाचं!” सर म्हणाले, “ऐकलं ना मी? मग झालं.” भाऊ गणपतीला यायचा बंद झाला. काकूंनी डोळ्यांना पदर लावला. सरांनी सुपारी कातरली.

असा माणूस. म्हणून पावसला जे झालं ते दुसऱ्या कोणाच्या हातून झालं असतं तर मला एवढं लागलं नसतं.

आम्ही शेवटच्या वर्षाला होतो. गावोगाव जाऊन कायदा समजावून सांगायची शिबिरं आम्हाला करावी लागत, त्याला प्रात्यक्षिकाचे मार्क असत. पावसजवळच्या एका वाडीत शाळेच्या पडवीत शिबिर होतं. आंब्याचा हंगाम ऐन भरात. बायका पेट्या भरायच्या कामावर, त्यामुळे आल्या त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यांत सुगंधा होती. तिशीतली, सडपातळ, मांडीवर पाच वर्षांची मुलगी. मुलीचं नाव श्रावणी. सगळ्या पांगल्यावरही ती उठेना, तेव्हा सरांनी बाकीच्या मुलांना बाहेर पाठवलं. बाई एकटी राहायला बिचकेल म्हणून मी आणि माझी मैत्रीण केतकी तेवढ्या थांबलो.

सुगंधा लांज्याकडची. नवरा मुंबईला कामाला. तिथे तो तिला मारायचा, एकदा तापलेला तवा हातावर टेकवला होता, तो डाग तिने आम्हाला दाखवला. पोरीला घेऊन ती पळाली आणि पावसला बहिणीकडे, वैशालीकडे लपून राहिली.

“त्याला वाटतंय मी लोट्याला कंपनीत हाय,” ती म्हणाली. “माज्या भावाने मुद्दाम तसं पसरवलंन. दोनदा लोट्याला जाऊन शोधून आला तो. हयसं हाय हे कळलं तर जिती नाय ठेवायचा.”

सरांनी सगळं ऐकलं. संरक्षणासाठी अर्ज कसा करायचा ते सांगितलं, सोमवारी कोर्टात ये, मी स्वतः उभा राहतो, म्हणाले. तिच्या चेहऱ्यावरचा ताण किंचित सैल झाला. श्रावणीला त्यांनी नाव विचारलं आणि कातरलेल्या सुपारीऐवजी खिशातली खडीसाखर दिली.

आणि मग प्राचार्यांचा फोन आला. शिबिराचा फोटो अजून ग्रुपवर का नाही? त्यात लाभार्थी महिला दिसल्या पाहिजेत. नुसती मुलं दिसली तर शिबिर धरलं जाणार नाही. सर म्हणाले, “फोटो जमणार नाही.” फोन ठेवला. तेव्हा केतकी रडवेली होऊन म्हणाली, “सर, आमच्या सगळ्यांचे मार्क जातील.” बाहेर मुलं उन्हात उभी होती. त्यातली निम्मी एसटीने लांबून येणारी, कोणाकोणाची फी कशीबशी भरलेली. सर त्यांच्याकडे बघत राहिले. स्वतःसाठी ते तसूभर हलले नसते. मुलांसाठी हलले. हे मी त्यांची बाजू घेऊन सांगत नाही. घडलं ते सांगते.

सुगंधा म्हणाली, “माजा फोटो नको हां, सर. त्याच्यापातूर पोचंल.”

सर म्हणाले, “पाठमोरी बस. चेहरा येणार नाही.”

“तुमी सांगताय तर बसते,” ती म्हणाली.

ती भिंतीकडे तोंड करून बसली. दोन म्हाताऱ्या बायकांना बाहेरून बोलावून तिच्या शेजारी बसवलं. केतकीने मोबाईल धरला, सर तिच्या शेजारी उभे राहिले. फोटो निघाला. बाहेरच्या प्रखर उजेडात पडद्यावर धड काही दिसत नव्हतं. सुगंधाची पाठ आहे एवढं दोघांनी पाहिलं आणि केतकीने तो कॉलेजच्या ग्रुपवर पाठवून दिला. सुगंधाच्या खांद्यावरून श्रावणीचं तोंड कॅमेऱ्याकडे वळलेलं होतं. आणि कोपऱ्यात वाडीचं नाव, पावस, खाली नकाशा. सरांना फोटोवर असलं काही छापलं जातं याची कल्पना नव्हती. केतकीला होती. बाई लपलेली आहे हेही तिने ऐकलं होतं. या दोन गोष्टींची तिच्या डोक्यात गाठ पडली नाही. माझ्याही नाही.

कॉलेजने तो फोटो आपल्या पानावर टाकला. तिथून तो लांज्याच्या कोणी कौतुकाने आपल्या गावच्या ग्रुपवर टाकला, आणि गावचे अर्धे पुरुष मुंबईला.

सोमवारी सर कोर्टात सुगंधाची वाट बघत होते. ती आली नाही. त्याच सकाळी, कोर्टात यायच्या आधी थोड्या पेट्या भरून यावं म्हणून निघाली असताना बागेच्या वाटेवर नवऱ्याने तिला गाठलं होतं. हातात कोयता होता. श्रावणी बरोबर होती.

प्राचार्यांनी आम्हाला बोलावलं. फोटो पानावरून काढून टाकला होता. ते म्हणाले, कॉलेजच्या नावाचा प्रश्न आहे, तुमच्या सनदेचाही प्रश्न आहे, तेव्हा तो फोटो आपल्यापैकी कोणी काढला हे कोणी बोलायचं नाही. पोलिसांना आरोपी मिळालेला आहे, आपलं काय काम? सर कोपऱ्यात बसले होते. ते उठले आणि म्हणाले, “मी ठाण्यात चाललोय. तुम्हाला आधी सांगावं म्हणून थांबलो.”

प्राचार्य म्हणाले, “दळी, हात दाखवून अवलक्षण कशास करून घेताय?”

सर दाराकडे निघाले. या वेळी सुपारी काढली नाही.

त्या संध्याकाळी केतकी मला घेऊन सरांच्या घरी गेली. तिची सनद तोंडावर होती, वडील बागायतदार, त्यांनी तिला कोर्टाचं नावही काढू नकोस म्हणून बजावलं होतं. ती ओटीवर बसून हमसाहमशी रडली. “सर, मी काय करू ते सांगा. तुम्ही सांगाल ते करीन.”

सरांनी हातातला अडकित्ता बाजूला ठेवला. मग म्हणाले, “मी नाही सांगू शकत गो. तू बोललीस तर माझ्या म्हणण्याला बळ येतं, गप्प राहिलीस तर सगळं माझ्यावर येतं. दोन्हीकडून मी गुंतलेला आहे. गुंतलेल्या माणसाने सल्ला द्यायचा नसतो. दुसऱ्या वकिलाकडे जा.”

मला तेव्हा त्यांचा संताप आला. पोरगी पाया पडत्येय आणि हा माणूस नियम सांगतोय. काकूंनी आतून पाणी आणलं ते केतकीने घेतलं नाही. फाटकाबाहेर येऊन ती म्हणाली, “दगड आहे मेला.” मी तिला दुजोरा दिला. केतकी दुसऱ्या वकिलाकडे गेली. त्याने गप्प राहायचा सल्ला दिला. तिने तो मोडला आणि जबाब दिला, तो कोणाच्याही सांगण्यावरून नाही. सरांनी सांगितलं असतं तर तो जबाब तिचा राहिला नसता, हे मला पुढे स्वतः वकिली करताना उमजलं. आता ती पुण्याला एका बँकेत आहे. सनद मिळाली, पण कोर्टाची पायरी ती पुन्हा चढली नाही.

खटला उभा राहिला तेव्हा आरोपीचं म्हणणं असं होतं की तो आंब्याच्या कामासाठी पावसला आला, वाटेत बायको अचानक दिसली, शब्दाला शब्द वाढला आणि रागाच्या भरात हात उठला. ते मानलं असतं तर खून ठरला नसता, शिक्षा कमी झाली असती. त्याच्या मोबाईलमध्ये आमचा फोटो होता. तो कुठून आला, कोणी काढला, हे सांगायला केतकी आणि सर होते.

आरोपीचा वकील सरांचाच जुना विद्यार्थी. आरोपीलाही वकील मिळाला पाहिजे, हे त्याला सरांनीच शिकवलेलं. त्याने आधी हात जोडले आणि मग उलटतपास सुरू केला.

“फोटो तुमच्या परवानगीने काढला?”

“होय.”

“मयत बाई नको म्हणाली होती?”

“होय.”

“तरी काढलात.”

“होय.”

“फोटोत मयताचा चेहरा दिसत नाही. बरोबर?”

“बरोबर.”

“मग माझ्या अशिलाने त्यावरून तिला ओळखलं कसं, सांगू शकता?”

सर पिंजऱ्याच्या कठड्याला धरून उभे होते. नेहमीच्या खालच्या आवाजात म्हणाले, “मुलीवरून. मुलगी मांडीवर बसली होती. ती कॅमेऱ्याकडे वळू नये म्हणून मी म्हणालो, श्रावणी, आईकडे बघ. मी कॅमेऱ्याशेजारी उभा होतो. हाक आली तिकडे मूल बघतं. तेवढ्यात फोटो निघाला.”

न्यायाधीशांनी टंकलेखकाला थांबवलं आणि ते वाक्य पुन्हा विचारून घेतलं. सरांनी ते पुन्हा सांगितलं, शब्द न बदलता. मला साक्षीला बोलावलं नव्हतं, मी मागे बसले होते. त्या दिवशी ती हाक मीही ऐकली होती, पण तिचा अर्थ मला त्या क्षणी लागला.

बाहेर व्हरांड्यात तो विद्यार्थी खाली मान घालून उभा होता. सर त्याच्याजवळ गेले. “चांगला घेतलास उलटतपास,” म्हणाले. “फक्त शेवटचा प्रश्न विचारायला नको होतास. उत्तर ठाऊक नव्हतं तुला.” साक्षीदार म्हणून आले होते, गळ्यात बँड नव्हता; तरी हात सवयीने गळ्याशी गेला, आणि मग ते घरी गेले.

आरोपीला जन्मठेप झाली. सरांनी वकिलांच्या परिषदेकडे स्वतःविरुद्ध तक्रार केली. तिथल्या कारकुनाचा फोन आला, “साहेब, तक्रारदार आणि जाबदेणार दोन्हीकडे दळीच कसे? फॉर्म चुकलाय.” काकू ते सांगताना हसल्या आणि उठून आत गेल्या. तक्रारीचं पुढे काही झालं नाही. सरांनी नवं काम घेणं थांबवलं, कॉलेज सोडलं. कोर्टात कोणी म्हणे, म्हाताऱ्याला वेड लागलं. कोणी म्हणे, इतकं काय, फोटो तर सगळेच काढतात. हे दुसरं ऐकून मला भांडावंसं वाटे आणि मी भांडतही असे.

मला सनद मिळाली. श्रावणीच्या पालकत्वाच्या अर्जाचं काम माझ्याकडे आलं, त्यासाठी मी वैशालीकडे पावसला जाऊ लागले. तेव्हा कळलं की पोर कोणाला तोंड दाखवत नाही. शाळेत भिंतीकडे वळून बसते. घरी कोणी आलं की पाठ करते. वाडीत कोणीतरी तिच्यासमोर बोलून गेलं होतं की, पोरीच्या तोंडावरनं वळखलंन बापसाने. वैशाली म्हणाली, “माज्यामुळं आई गेली म्हणते. मी काय सांगू तिला? मला काय म्हायतीय त्या दिवशीचं?”

कोर्टाच्या कागदात ते सगळं होतं, पण पोरीला कागद कोण वाचून दाखवणार? मी सरांना सांगितलं. ते लगेच उठले. वैशालीने त्यांना अंगणाच्या दगडी गडग्याबाहेरूनच परत पाठवलं. दुसऱ्यांदा गेले तेव्हा ती दारातही आली नाही. सर एसटीने जात, गडग्याशी उभे राहत आणि परत येत. काकू म्हणायच्या, अहो, तुमची तब्येत बघा. तब्येत खरोखरच उतरत चालली होती.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते तिथेच. त्या दिवशी मी अर्जावर सही घ्यायला गेले होते आणि सर बाहेर उन्हात उभे होते. वैशालीने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “या आत. पण पोर रडली तर उठायचं.”

ओटीच्या कडेला श्रावणी बसली होती. आम्ही येताच तिने पाठ केली. दोन वेण्या, निळ्या रिबिनी, ताठ मान. सर जमिनीवर बसले, तिच्यापासून थोडे लांब. त्यांनी तिचं नाव घेतलं नाही.

“त्या दिवशी शाळेत तुला एका माणसाने हाक मारली होती,” ते म्हणाले. “तो माणूस मी. मोठं माणूस हाक मारतं तेव्हा मुलाने बघायचंच असतं. तू बघितलंस यात तुझं काही चुकलं नाही. चुकलं ते माझं. मी न्यायाधीशांसमोर तसं सांगितलंय, त्यांनी ते लिहून घेतलंय.”

पोर हलली नाही. वैशाली दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तशीच पाठमोरी, श्रावणी म्हणाली, “मला हाक कशास मारलीत?”

“तुझा चेहरा येऊ नये म्हणून.”

तिने त्यावर विचार केला असावा. मग म्हणाली, “पण आला.”

“होय,” सर म्हणाले. “आला.”

ती वळली नाही. पण रडलीही नाही. सर हात टेकून उठले, वैशालीला नमस्कार केला. गडग्याशी जाऊन थांबले, मागे वळून त्या दोन वेण्यांकडे बघत उभे राहिले. मला वाटलं, आता ते तिला हाक मारतील. त्यांचे ओठ हललेही. पण हाक त्यांनी मारली नाही, आणि मग ते हळूहळू स्टँडकडे चालू लागले.